रेड फ्लॅग आदेश कसा मागायचा: घरात बंदूक आहे आणि माणूस धोक्यात आहे, अशा वेळी

अमेरिकेतल्या मराठी घरांमधून हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा दोन-तीन चुका बहुतेक वेळा आधीच होऊन गेलेल्या असतात. कुणी भांडणाच्या भरात ‘मी कोर्टात जाणार आहे’ असं सांगून बसलेलं असतं. कुणी अर्जात लग्नापासूनचा इतिहास लिहिलेला असतो, पण बंदूक कुठे ठेवली आहे त्याचा उल्लेखच नसतो. कुणाला तात्पुरता आदेश मिळालेला असतो, आणि ‘झालं काम’ म्हणून ते सुनावणीला गेलेलेच नसतात.

रेड फ्लॅग आदेश दिवाणी स्वरूपाचा असतो. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका असलेल्या माणसाकडच्या बंदुका आणि काडतुसं ठरावीक काळ काढून घेतल्या जातात आणि त्या काळात त्याला नवी बंदूक विकत घेता येत नाही. यात अटक होत नाही, फौजदारी खटला चालत नाही आणि मानसिक आजाराचं निदानही लागत नाही.

‘रेड फ्लॅग’ हे बोलण्यातलं नाव आहे, त्या नावाचा फॉर्म मात्र कुठल्याच कोर्टात मिळत नाही. खिडकीवर त्या राज्यातलं नाव सांगावं लागतं. कॅलिफोर्नियात ‘गन व्हायोलन्स रिस्ट्रेनिंग ऑर्डर’, न्यू जर्सीत ‘एक्स्ट्रीम रिस्क प्रोटेक्टिव्ह ऑर्डर’, इलिनॉयमध्ये ‘फायरआर्म्स रिस्ट्रेनिंग ऑर्डर’. पुढचे टप्पे मुख्यतः कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी धरून लिहिले आहेत. आपली वस्ती तिथे मोठी आहे, आणि या दोन राज्यांतली पद्धत इतकी वेगळी आहे की एकीकडचा सल्ला दुसरीकडे चालत नाही. इतर राज्यांतले फरक जिथे महत्त्वाचे आहेत तिथे सांगितले आहेत.

## टप्पा १: आधी आजची रात्र

धोका आत्ता, या क्षणी असेल तर अर्ज-फॉर्म बाजूला ठेवा आणि ९११ लावा. पहिल्याच वाक्यात तीन गोष्टी सांगा: घरात बंदूक आहे, ती या क्षणी कुठे आहे, आणि माणूस काय बोलतो किंवा करतो आहे. मानसिक संकट असेल तर ‘क्रायसिस इंटरव्हेन्शनचं प्रशिक्षण घेतलेला अधिकारी पाठवा’ असं स्पष्ट मागा. सगळीकडे तो मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही. पोलीस आले की हात मोकळे आणि दिसतील असे ठेवा. फोन किंवा किल्ल्या हातात घेऊन दाराकडे धावू नका.

माणूस आत्महत्येबद्दल बोलत असेल पण तत्काळ धोका दिसत नसेल, तर ९८८ या आत्महत्या आणि मानसिक संकटासाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा मेसेज पाठवा. ही सेवा चोवीस तास चालते. घरच्यांनी सल्ल्यासाठी फोन केला तरी चालतो, आणि फोनवर दुभाषी मागता येतो. हे हलक्यात घेऊ नका, कारण बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांपैकी दहातले जवळपास नऊ जीव घेतात. बाकीच्या बऱ्याच मार्गांत वाचण्याची शक्यता यापेक्षा खूप जास्त असते. म्हणूनच काही आठवडे बंदूक घराबाहेर राहणं एवढं महत्त्वाचं ठरतं.

सावधान: बंदूक स्वतः उचलून गाडीत टाकू नका आणि मित्राच्या घरी नेऊन ठेवू नका. न्यू जर्सीत परवान्याशिवाय पिस्तूल गाडीतून नेणं गंभीर गुन्हा आहे. न्यू यॉर्कमध्ये परवाना नसताना पिस्तूल बाळगणं हाच गुन्हा आहे. हेतू चांगला होता हे नंतर वकिलाला सांगत बसावं लागतं. पोलिसांच्या साध्या, बिगर-तातडीच्या क्रमांकावर फोन करून विचारा: ‘मला घरातली बंदूक सुरक्षित ठेवायला द्यायची आहे, काय करू?’

आईवडील भारतात असतील तर: भारतातून ९११ लावल्यावर अमेरिकेतली यंत्रणा लागत नाही, ९८८ चंही तसंच. मुलगा किंवा मुलगी ज्या गावात राहते, तिथल्या पोलीस विभागाचा दहा आकडी क्रमांक विभागाच्या संकेतस्थळावर असतो. तो आजच शोधून लिहून ठेवा. फोन करताना पूर्ण पत्ता लागतो, अपार्टमेंटच्या क्रमांकासह. ‘एडिसनला राहतो’ एवढ्यावर गाडी पाठवता येत नाही. घरी जाऊन विचारपूस करायला सांगायचं असेल तर ‘वेलफेअर चेक’ हा शब्द वापरा. आणि घरात बंदूक असल्याचं लपवू नका, नाहीतर दारात उभ्या राहणाऱ्या अधिकाऱ्याला ते ऐनवेळी कळतं.

## टप्पा २: हाच आदेश हवा आहे का, आणि तो तुम्हाला मागता येतो का?

सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो.

पहिली तपासणी, राज्य. असा कायदा वीसहून अधिक राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत आहे. टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो इथे नाही. ह्यूस्टनला राहणाऱ्या बहिणीसाठी न्यू जर्सीतला भाऊ न्यू जर्सीच्या कोर्टात अर्ज करू शकत नाही. धोक्यातला माणूस जिथे राहतो, तिथला कायदा लागू होतो. कायदा नसलेल्या राज्यात दुसरे रस्ते धरावे लागतात: कौटुंबिक हिंसेचा संरक्षण आदेश, सक्तीच्या मानसोपचार तपासणीचा अर्ज, किंवा माणूस तयार असेल तर परवानाधारक दुकानदाराकडे बंदूक ठेवायला देणं.

दुसरी तपासणी, नातं. फ्लोरिडात अर्ज फक्त पोलिसांना करता येतो. तिथे घरच्यांचं काम म्हणजे पोलिसांना नीट माहिती देऊन त्यांना अर्ज करायला लावणं. न्यू जर्सीत पोलिसांबरोबर कुटुंबातली किंवा एकाच घरात राहणारी किंवा पूर्वी राहिलेली व्यक्ती, पूर्वीचा जोडीदार, मुलाचा दुसरा पालक आणि प्रेमसंबंधातली व्यक्ती अर्ज करू शकते. कॅलिफोर्नियात यादी बरीच लांब आहे: जवळचे आणि काही दूरचे नातलग, एकत्र राहणारे, नोकरी देणारा मालक, सहकारी, शिक्षक. पण सहकाऱ्याला त्या माणसाबरोबर निदान वर्षभर नियमित संबंध आलेला असावा लागतो आणि मालकाची मंजुरीही लागते. न्यू यॉर्कमध्ये शाळेचे अधिकारी, आणि गेल्या सहा महिन्यांत त्या माणसाला तपासलेले डॉक्टरही अर्ज करू शकतात.

नात्याच्या यादीत तुम्ही बसत नसाल, समजा मित्र आहात किंवा मंडळातले ओळखीचे आहात, तर पोलिसांकडे जा. कॅलिफोर्नियात अधिकारी रात्री-अपरात्रीही फोनवरून न्यायाधीशाकडून २१ दिवसांचा तातडीचा आदेश घेऊ शकतो. परिस्थिती गंभीर असेल तर पात्र असलेल्या घरच्यांसाठीही हाच मार्ग बरा: अर्जदार म्हणून तुमचं नाव येत नाही, आणि प्रतिवादीचा, म्हणजे ज्याच्या विरुद्ध अर्ज आहे त्याचा, राग थेट तुमच्यावर निघत नाही.

तिसरी तपासणी, आदेशाचा प्रकार. चुकीचा प्रकार निवडणं जिवावर बेतू शकतं. रेड फ्लॅग आदेश बंदूक घेतो, पण माणसाला घराबाहेर काढत नाही. तो तुमच्यापासून लांब राहील, फोन करणार नाही, मुलांच्या शाळेजवळ येणार नाही, असं काहीही या आदेशात नसतं. नवरा मारहाण करत असेल, धमक्या देत असेल, तर कौटुंबिक हिंसेचा आदेश मागा. त्यात लांब राहण्याची अट घालता येते आणि बंदुकाही काढून घेता येतात. सुनावणीनंतर असा आदेश कायम झाला, तर केंद्रीय कायद्याचीही बंदूकबंदी लागते, आणि ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रहीमी प्रकरणात वैध ठरवली आहे. कुठला आदेश मागावा याचा गोंधळ असेल तर न्यू जर्सीत मानवी, बे एरियात मैत्री आणि न्यू यॉर्कमध्ये सखी या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. आपल्या घरांत काय बोललं जातं आणि काय लपवलं जातं, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

व्हिसाची गोष्ट. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं, असे थोडेच अपवाद आहेत. म्हणजे ज्याच्या विरुद्ध अर्ज करायचा तो अशा व्हिसावर असेल, तर अर्जातल्या खऱ्या माहितीतूनच त्याच्यावर वेगळा गुन्हा निघू शकतो. शक्य असेल तर इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोला. पण धोका आजचा असेल तर त्यासाठी थांबू नका. अर्जदाराला स्वतःला अमेरिकेचं नागरिक असण्याची गरज नाही.

## टप्पा ३: माहिती गोळा करा, गुपचूप

त्या माणसाला अर्जाची चाहूल लागू देऊ नका. ‘सुधारतोस की कोर्टात जाऊ?’ ही धमकी म्हणून वापरण्याची गोष्ट नाही. अशाने बंदुका मित्राकडे, गॅरेजमध्ये, भाड्याच्या स्टोरेजमध्ये जातात, आणि माणूस जास्त बिथरतो.

आधी बंदुकांची यादी करा. किती आहेत, कुठल्या प्रकारच्या, कुठे ठेवल्या आहेत, सेफचा कोड कुणाला माहीत आहे, काडतुसं कुठे आहेत, गाडीत काही आहे का, अलीकडे काही विकत घेतलं का. बंदुकांमधलं काही कळत नसेल तर ‘लांब’, ‘छोटी काळी’ एवढं लिहिलं तरी चालतं. फोटो, पावत्या, ऑनलाइन ऑर्डरचे ईमेल तुमच्या खात्यात असतील तर जपून ठेवा. त्याच्या फोनचा पासवर्ड मोडून आत शिरू नका.

मग घटनांची टिपणं. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, समोर कोण होतं. आज लिहायला बसा, कारण पंधरा दिवसांनी तारखा एकमेकींत मिसळतात.

पुराव्यात आपल्या लोकांच्या ठरलेल्या तीन अडचणी आहेत.

पहिली, व्हॉट्सॲपचे मराठी मेसेज. रोमन लिपीत टाइप केलेली मराठी न्यायाधीशाला वाचता येत नाही. कॅलिफोर्नियात परकीय भाषेतल्या पुराव्याला शपथेवर प्रमाणित केलेलं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि ते पात्र दुभाष्याकडून यावं लागतं. भाचीने केलेलं भाषांतर त्यात बसत नाही. पण यासाठी पहिला अर्ज अडवून ठेवू नका. मेसेजमध्ये काय होतं ते तुमच्या शपथेवरच्या निवेदनात इंग्रजीत सांगा, स्क्रीनशॉट जोडा, आणि प्रमाणित भाषांतर सुनावणीपर्यंत तयार ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये नाव, तारीख आणि आधीचे दोन-चार मेसेज दिसायला हवेत.

दुसरी, फोन रेकॉर्डिंग. कॅलिफोर्नियात समोरच्याच्या संमतीशिवाय खाजगी संभाषण रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमध्ये संभाषणातल्या एकाची संमती पुरते. त्याने स्वतः पाठवलेला व्हॉइस मेसेज ही वेगळी गोष्ट, तो जपून ठेवा.

तिसरी, साक्षीदार. सासूबाईंनी सगळं ऐकलेलं असतं, पण त्या दोन आठवड्यांनी परत पुण्याला जाणार असतात. जाण्याआधी त्यांच्याकडून सहीचं, तारखेचं लेखी निवेदन घ्या, आणि सुनावणीत त्यांना व्हिडिओवरून बोलू देतील का हे कोर्टाच्या क्लार्कला आधीच विचारा.

तपासणी: तुमच्याकडे निदान एक अलीकडची घटना, तिची तारीख, त्या वेळचे शब्द किंवा कृती, आणि बंदूक कुठे आहे याची माहिती, हे चारही आहे का? नसेल तर पुढे जाण्याआधी पोलिसांशी बोला. अर्ज फेटाळला गेला तर दुसऱ्या वेळी मागायला अडचण येते, आणि घरात वातावरण बिघडलेलं असतंच.

## टप्पा ४: निवेदन लिहा

बहुतेक अर्ज इथेच कमजोर होतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

न्यायाधीशाला माणूस चांगला की वाईट हे ठरवायचं नसतं. नजीकच्या काळात हा माणूस बंदुकीने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा खरा धोका आहे का, एवढंच ठरवायचं असतं. त्यामुळे निवेदनातल्या प्रत्येक वाक्याचा या प्रश्नाशी संबंध हवा.

असं लिहू नका: ‘तो फार रागीट आहे. वर्षभर डिप्रेशनमध्ये आहे. गोळ्या घेत नाही. आम्हाला सगळ्यांना भीती वाटते. लग्नापासूनच त्याचा स्वभाव असा आहे.’

असं लिहा: ‘मंगळवारी ४ तारखेला रात्री साधारण साडेदहा वाजता स्वयंपाकघरात तो मला म्हणाला, “दिवाळीपर्यंत मी नसेन, कागदपत्रं सगळी कपाटात लावून ठेवली आहेत.” मी आणि माझी सासू तिथे होतो. शनिवारी त्याने काडतुसांचे दोन खोके आणले, पावतीचा फोटो जोडला आहे. त्याच्याकडे एक काळं पिस्तूल आहे. ते बेडरूमच्या कपाटातल्या सेफमध्ये असतं आणि कोड फक्त त्यालाच माहीत आहे. रविवारी रात्री मी त्याला सेफ उघडी ठेवून पलंगावर बसलेला पाहिला.’

पहिल्या नमुन्यात भावना खरी आहे, पण न्यायाधीशाला धरायला काही नाही. दुसऱ्यात ‘भीती’ हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी वाचणाऱ्याला ती कळते. आजाराचं नाव लिहिलं म्हणजे काम झालं, असं समजणं हा आपला सर्वांत मोठा गैरसमज. निदान आहे म्हणून आदेश निघत नाही, आणि निदान नाही म्हणून अडतही नाही. निर्णय वागण्यावर होतो.

लिहिताना हा क्रम ठेवा:

१. तुम्ही कोण, नातं काय, एकत्र राहता का.
२. सर्वांत अलीकडची घटना. कॅलिफोर्नियात ‘अलीकडची’ म्हणजे कायद्याने गेल्या सहा महिन्यांतली.
३. त्याआधीच्या धमक्या, हिंसा, स्वतःला इजा करण्याचे प्रयत्न, मोडलेले संरक्षण आदेश, अटक. कॅलिफोर्नियात गेल्या बारा महिन्यांतला हिंसेचा किंवा धमक्यांचा क्रमही न्यायाधीश बघतो.
४. दारू किंवा अमली पदार्थांचा अलीकडचा वापर, आणि त्याचा काही लेखी पुरावा असल्यास तो.
५. बंदुका आणि काडतुसं, विशेषतः नुकतीच घेतलेली.
६. कमी कडक उपाय काय करून पाहिले आणि ते का पुरले नाहीत.

सहावा मुद्दा कॅलिफोर्नियात कायद्यानेच विचारला जातो, आणि अर्जदार तोच विसरतात. ‘मी त्याला बंदूक दुकानदाराकडे ठेवायला सांगितलं, त्याने नकार दिला’, ‘डॉक्टरकडे नेलं, दुसऱ्या दिवशीपासून जाणं बंद केलं’, ‘७२ तासांसाठी रुग्णालयात ठेवलं होतं, परत आल्यावर तेच बोलणं सुरू झालं’ अशी दोन-तीन वाक्यं पुरतात. काहीच करून पाहिलं नसेल तर का शक्य नव्हतं ते लिहा.

बाजूचे विषय गाळा: हुंडा, पैशांची भांडणं, नणंदेशी वाद, घटस्फोटातला ताबा. या गोष्टी खऱ्या असतील, पण त्या आल्या की अर्ज घरच्या भांडणाचा भाग वाटू लागतो, आणि समोरचा वकील सुनावणीत तोच धागा ओढतो.

सावधान: निवेदन शपथेवर असतं. ऐकीव गोष्ट असेल तर ती ऐकीव आहे असं लिहा आणि कुणाकडून ऐकली ते सांगा. छळण्याच्या हेतूने खोटा अर्ज करणं कॅलिफोर्नियात गुन्हा आहे. शिवाय हे सगळं प्रतिवादी वाचणार आहे, हे लिहितानाच लक्षात ठेवा. तुमचा घरचा पत्ता त्याला कळायला नको असेल तर फॉर्मवर टपालाचा दुसरा पत्ता देता येतो.

## टप्पा ५: अर्ज दाखल करा

कॅलिफोर्नियात अर्जाचा फॉर्म जीव्ही-१००. तो काउंटीच्या सुपीरियर कोर्टात द्यायचा. शुल्क नाही. प्रत्येक काउंटीत सेल्फ-हेल्प केंद्र असतं, तिथे फॉर्म भरायला मोफत मदत मिळते. कोर्टाच्या संकेतस्थळावरचा चालू फॉर्मच घ्या. ओळखीच्या कुणीतरी पाठवलेली जुनी पीडीएफ वापरू नका. अर्ज सकाळी लवकर द्या. न्यायाधीश साधारण त्याच दिवशी निर्णय देतो, उशीर झाला तर कोर्टाच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी. शुक्रवारी दुपारी गेलात तर मधला शनिवार-रविवार तुमच्या अंगावर येतो.

तात्पुरता आदेश मिळाला तर तो सुनावणीपर्यंत चालतो, आणि सुनावणी २१ दिवसांच्या आत असते.

न्यू जर्सीत अर्ज सुपीरियर कोर्टात करता येतो, किंवा स्थानिक पोलीस ठाण्यात. कोर्ट बंद असेल तर ठाण्याचा रस्ता धरा. इथेही शुल्क नाही. न्यायाधीश तुम्हाला शपथेवर प्रश्न विचारू शकतो, म्हणून टिपणं हातात ठेवा. कायम आदेशाची सुनावणी १० दिवसांच्या आत होते, त्यामुळे भाषांतराचं काम पहिल्याच दिवशी सुरू करावं लागतं.

इंग्रजीत शपथेवर बोलायची सवय नसेल तर अर्ज देतानाच कोर्टाकडे मराठी दुभाषी मागा. ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर हिंदीचा दुभाषी समोर येतो आणि सुनावणी पुढे ढकलावी लागते. मुलाला किंवा जावेला दुभाषी म्हणून नेऊन चालणार नाही.

तपासणी: कोर्टातून बाहेर पडताना हातात शिक्क्याच्या प्रती, सुनावणीची तारीख-वेळ-खोली, आणि आदेश बजावण्यासाठी कुणाकडे जायचं ही माहिती आहे ना?

## टप्पा ६: बजावणी आणि बंदुका ताब्यात घेणं

आदेश त्याच्या हातात पडण्याआधीचे आणि नंतरचे काही तास सर्वांत नाजूक असतात. आदेश तुम्ही स्वतः हातात देऊ नका. कॅलिफोर्नियात शेरीफचं कार्यालय तो मोफत बजावतं. अधिकाऱ्याला आधीच सांगा: माणूस घरी केव्हा असतो, बंदुका कुठे आहेत, घरात मुलं आणि म्हातारी माणसं आहेत का, कुत्रा आहे का, तो दारू प्यायलेला असतो का. बजावणीच्या वेळी मुलांना घेऊन दुसरीकडे जा, आणि त्या रात्रीची सोय आधीच करून ठेवा. हा आदेश त्याला घराबाहेर काढत नाही, हे विसरू नका.

कॅलिफोर्नियात अधिकाऱ्याने मागितल्या तर बंदुका लगेच द्याव्या लागतात. न मागितल्यास २४ तासांत पोलिसांकडे किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा कराव्या लागतात आणि ४८ तासांत त्याची पावती कोर्टात दाखल करावी लागते. न्यू जर्सीत बंदुका आणि काडतुसांबरोबर खरेदीचं ओळखपत्र आणि परवानेही पोलिसांकडे जमा होतात.

तपासणी: तिसऱ्या दिवशी क्लार्कला फोन करून पावती दाखल झाली का ते विचारा. तुमच्या यादीत तीन बंदुका आणि पावतीत दोन असतील, तर पोलिसांना सांगा. तिसरी कुठे गेली, हे त्याला विचारायला जाऊ नका.

घरात दुसऱ्या कुणाच्या नावावर बंदूक असेल, सासऱ्यांच्या किंवा तुमच्या स्वतःच्या, तर ती त्याच्या हाती लागणार नाही अशी कुलूपबंद ठेवा, किंवा आदेश असेपर्यंत घराबाहेर सुरक्षित ठेवायला द्या. सेफचा कोड बदलायला लोक विसरतात.

## टप्पा ७: सुनावणी

तुम्ही गेला नाहीत तर आदेश बहुधा संपतो आणि बंदुका परत जाण्याचा रस्ता मोकळा होतो. तात्पुरत्या आदेशानंतर घर थोडं शांत होतं, माणूस माफी मागतो, नातेवाईक ‘आता कशाला ताणता’ म्हणतात, आणि अर्जदार घरी बसतो. जायचं नाही असं ठरवायचंच असेल, तर आधी कोर्टाच्या सेल्फ-हेल्प केंद्राशी किंवा वकिलाशी बोलून ठरवा.

पुराव्याची पातळी इथे वर जाते. कॅलिफोर्नियात ‘स्पष्ट आणि खात्रीलायक’ पुरावा लागतो. न्यू जर्सीत धोका असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, एवढं दाखवावं लागतं. दोन्हीकडे भार अर्जदारावर असतो.

बोलायला वेळ थोडा मिळतो. अलीकडची घटना, त्याचे शब्द, बंदुका, आणि धोका अजून का आहे, या क्रमाने बोला. अर्ज केल्यानंतर काय घडलं तेही सांगा. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती न्या. तो मध्येच बोलला तर त्याला उत्तर देऊ नका, न्यायाधीशाकडेच बघून बोला. त्याच्यावर आदेश बजावलाच गेला नसेल तर सुनावणी पुढे ढकलण्याची मागणी करा आणि तात्पुरता आदेश तोवर चालू ठेवायला सांगा. ही दुसरी मागणी बरेच जण करायची विसरतात.

कॅलिफोर्नियात सुनावणीनंतरचा आदेश १ ते ५ वर्षांचा असतो. न्यू यॉर्क आणि फ्लोरिडात जास्तीत जास्त एक वर्षाचा. न्यू जर्सीत कायम आदेशाला शेवटची तारीख नसते. कोर्टाने रद्द करेपर्यंत तो चालतो.

## टप्पा ८: आदेशानंतर

आदेशाची प्रत घरी, गाडीत आणि फोनमध्ये ठेवा. त्याच्याकडे बंदूक दिसली तर पोलिसांना कळवा. आदेश मोडणं हा गुन्हा आहे, आणि कॅलिफोर्नियात त्यामुळे बंदूकबंदी आणखी पाच वर्षांनी वाढते.

संपण्याची तारीख कॅलेंडरवर टाका, आणि चार महिने आधीची एक सूचना लावा. कॅलिफोर्नियात नूतनीकरणाचा अर्ज शेवटच्या तीन महिन्यांत करता येतो. त्यासाठी धोका अजून आहे हे नव्याने दाखवावं लागतं, जुन्या घटना पुन्हा लिहून भागत नाही. आदेश संपल्यावर बंदुका आपोआप घरी येत नाहीत. त्याने अर्ज करायचा, पार्श्वभूमी तपासली जायची, मग परत मिळायच्या.

उपचार, नोकरी, एकटेपणा यांतलं काहीही हा आदेश सोडवत नाही. डॉक्टरची पुढची वेळ घ्यायची ती याच आठवड्यात घ्या, बंदूक घराबाहेर असतानाच.

## आदेश तुमच्यावरच निघाला असेल तर

हा लेख वाचणाऱ्यांत असाही कुणी असेल. आदेश चुकीचा वाटला तरी आधी तो पाळा आणि वाद सुनावणीत घाला. बंदूक मित्राकडे किंवा भावाकडे देणं म्हणजे जमा करणं नव्हे. मुदतीत पोलिसांकडे किंवा दुकानदाराकडे द्या आणि पावती दाखल करा. कॅलिफोर्नियात उत्तराचा फॉर्म जीव्ही-१२० आहे. सुनावणीला जरूर जा. बहुतेक राज्यांत सरकारकडून मोफत वकील मिळत नाही, त्यामुळे वकील आपल्या खर्चाने करावा लागतो. उपचार सुरू असल्याची कागदपत्रं आणि तुम्हाला रोज भेटणाऱ्या माणसांची निवेदनं कामी येतात. हा आदेश म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे, पण तो मोडलात तर गुन्हा नोंदवला जातो, आणि ग्रीन कार्डवर असाल तर ते प्रकरण इमिग्रेशनपर्यंत जाऊ शकतं. कॅलिफोर्नियात आदेश असेपर्यंत तो रद्द करण्याची मागणी दर वर्षी एकदा करता येते, आणि बंदूक कायमची काढून टाकायची असेल तर ती परवानाधारक दुकानदारामार्फतच विका.